तीन पायऱ्या चढून जायचो, आता एक उतरतो

काल रात्री साडेअकराला पुन्हा घरात पाणी शिरलं. पुन्हा तेच. सोफ्याच्या पायांखाली विटा, फ्रिजखाली पाट, सासूबाई पलंगावर पाय वर घेऊन रामरक्षा म्हणतायत, आणि मी, नवरा आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू पोट्टा असे तिघं मिळून सुपडीनं पाणी बाहेर लोटतोय. बाहेर म्हणजे कुठे, तर वर. कारण रस्ता आता आमच्या घरापेक्षा उंच आहे! चढावर पाणी लोटून बघा एकदा, काय मजा येते ते कळेल. मागच्या वर्षी घेतलेली अर्ध्या एचपीची मोटर एकच्या सुमारास जळाली. सकाळी पाणी ओसरलं तेव्हा हॉलमध्ये बोटभर चिखल आणि कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल.

आम्ही नागपुरात राहतो, पण नाग नदीच्या काठी नाही. नाल्याला लागूनही नाही. २०२३ च्या सप्टेंबरात, २२ तारखेच्या रात्री, काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, लोकांना बोटीतून काढावं लागलं. त्या रात्री आमच्या घरात एक थेंब आला नव्हता. तेव्हा आमच्याकडे एक पायरी शिल्लक होती.

सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा तीन पायऱ्या होत्या. जोतं उंच ठेवायचं हा त्यांचा हट्ट. मग दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर, जुना न खरवडता. त्यात दोन पायऱ्या गेल्या. तरी चाललं. मग २०२४ ला सिमेंट रोड आला. डांबर उखडलं नाही, खोदलं नाही, त्याच्याच डोक्यावर काँक्रीट ओतलं. सरळ फूटभर. तिसरी पायरी गेली ती गेलीच, उलट एक पायरी उतरून आत यायची वेळ आली. गेट उघडेना म्हणून खालून कापून घेतलं, त्याचे पैसे आमचेच. आता माझ्या घराला काय म्हणायचं? तळमजला? नुसता तळ म्हणा!

तक्रार केली. रस्ता नेमका कुणी बांधला हेच कळायला दोन महिने गेले, कारण या शहरात रस्ते बांधणाऱ्या यंत्रणा काही कमी नाहीत आणि प्रत्येकीला खात्री असते की हा रस्ता दुसरीचा. शेवटी १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. तीनच प्रश्न. काम करण्याआधी जुनी पातळी मोजली होती का? घरांच्या जोत्याचा विचार केला होता का? पावसाचं पाणी कुठे जाणार? पहिल्या कार्यालयानं अर्ज कलम ६(३) खाली दुसऱ्याकडे पाठवला. दुसऱ्यानं तो पुन्हा पहिल्याकडे. कॅरम खेळतायत जणू. ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, उशीर झाला तर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड, असं कायद्यात लिहिलंय. म्हणजे लिहिलेलं आहे. दंड बसवायला दुसऱ्या अपिलापर्यंत जावं लागतं, आणि तिथली रांग बघितली की माणूस आपोआप क्षमाशील होतो.

पहिल्या अपिलानंतर उत्तर आलं. अक्षरशः पाठ झालंय. 'सदर काम मंजूर अंदाजपत्रकानुसार व विहित कार्यपद्धतीने पूर्ण करण्यात आले आहे.' बस्स. सोबत १४ पानं झेरॉक्स. त्या १४ पानांत खडी आहे, सिमेंट आहे, मजुरी आहे, जीएसटी आहे, शिलालेखासारखा फलक लावायचा खर्चसुद्धा आहे. नाली नाही. नालीसाठी विचारलं तर बाबू म्हणाला, "मॅडम, नाली वेगळ्या हेडमध्ये येते न. त्याचं प्रपोजल वेगळं जाते."

हेड म्हणजे खर्चाचं खातं. रस्त्याला हेड आहे. फलकाला हेड आहे. पाण्याला हेड नाही, म्हणून ते माझ्या हॉलमध्ये येतं.

माझं डोकं फिरतं ते या 'विहित कार्यपद्धती'नं. कारण ती खरंच पाळलेली असते! सह्या आहेत, टेंडर आहे, मोजमाप पुस्तिका आहे. घोटाळा असता तर ओरडायला तरी बरं होतं. सरकारी तिजोरीतून पैसा बाहेर काढायचा तर संविधानानं केवढा बंदोबस्त केलाय. कलम २६६ म्हणतं, कायद्याशिवाय संचित निधीतून पैसा निघणार नाही. २०३ खाली मागण्या विधानसभेपुढे, २०४ खाली तो पैसा काढायला विनियोजन विधेयक, कमी पडले तर २०५ खाली पुरवणी मागण्या. पैसा दारातून निघेपर्यंत इतके पहारेकरी. दाराबाहेर पडून त्याचं काय झालं, रस्ता झाला की बांध झाला, हे बघायला मात्र मी आणि माझी सुपडी.

आणि या पुरवणी मागण्या मंजूर कुठे होतात? आमच्याच गावात! १९५३ चा नागपूर करार, वर्षातून विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे, विदर्भाचं ऐकून घ्यायला. २०२५ च्या डिसेंबरात ८ ते १४ तारीख, मोजून सात दिवस. त्यात ७५ हजार कोटींच्या वरच्या पुरवणी मागण्या. त्याआधी महिनाभर सिव्हिल लाइन्समध्ये दुभाजकांना रंग, मंत्र्यांच्या मुक्कामाच्या रवी भवनात डागडुजी, झाडांच्या बुंध्यांना गेरू. त्याच दिवसांत मी आमच्या कागदासाठी कार्यालयात गेले तर साहेब नव्हते. का? "अधिवेशन आहे न मॅडम." ज्यांच्या कानावर घालायचं ते गावात आले, म्हणून ज्यांच्या टेबलावर फाइल आहे ते जागेवर नाहीत. संविधान चौकात सिग्नलला थांबले तेव्हा हसूच आलं. नाव काय, प्रकार काय!

बरं, नगरसेवकाला धरावं? २०२४ ला नगरसेवकच नव्हता. कलम २४३-यू सांगतं, महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक झाली पाहिजे. आमची मुदत मार्च २०२२ ला संपली. निवडणूक झाली जानेवारी २०२६ ला. ओबीसी आरक्षण, प्रभागांची रचना, कोर्ट, तारखा. जवळजवळ चार वर्षं प्रशासक. कर आम्ही भरतच होतो, त्यात खंड नाही. आणि नेमक्या त्याच काळात आमच्या डोक्यावर रस्ता आला, ज्या काळात जाब विचारायला मत मागायला येणारा एक माणूस नव्हता. आता निवडून आलेत, त्यांच्याकडे गेले. चहा दिला, ऐकून घेतलं, म्हणाले, "काकू, ते काम माझ्या टर्ममधलं नाही न." त्यांचंही खोटं नाही. मला आता खोटं बोलणारा माणूस हवा आहे कुणीतरी, निदान पकडता येईल.

शेजारचे वकील म्हणाले, केस करा. १९८० ला सर्वोच्च न्यायालयानं रतलामच्या नगरपालिकेला झापलं होतं. तिथल्याही लोकांच्या दारात उघडी गटारं, घाण. नगरपालिका म्हणाली पैसे नाहीत. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी सांगितलं, ही सबब चालणार नाही, कायद्यानं नेमून दिलेलं काम करावंच लागेल. ऐकून मला उभारी आली. गल्लीत १९ घरं, ११ जणांनी सह्या केल्या. शपथपत्र लागेल म्हटल्यावर चार गळाले. एकाचा मेहुणा ठेकेदारीत, तो आधीच गळाला होता. मग वकीलसाहेब म्हणाले, रतलामवाले पैसे नाहीत म्हणत होते, तुमच्याकडे तर पैसे खर्च झालेत, अडचण जरा वेगळी आहे. वा! मालमत्तेसाठी कलम ३००-ए आहे म्हणे, कायद्याशिवाय कुणाची मालमत्ता हिरावता येत नाही. माझी कुणी हिरावलेली नाही, नुसती बुडवलीय.

तोवर एक जण सल्ला देतोच, "तुम्ही घर उंच करून घ्या न." जसं काही मीच खाली राहायला गेले! रस्ता माझ्या करातून उंच करायचा आणि घर माझ्या पगारातून. एखादा दुकानदार असता तर दोन बिलं एकाच गिऱ्हाइकाच्या नावावर फाडल्याबद्दल लोकांनी चोपलं असतं.

पण करतोय. काय करणार? सासूबाईंना आता रात्री-अपरात्री उचलून ठेवणं झेपत नाही. आज दुपारी मिस्त्री येऊन गेला. टेप लावून हॉल मोजला, बाहेर जाऊन रस्ता बघितला, परत आत आला, भिंतीवर पेन्सिलनं एक रेघ मारली आणि थांबला.

"वहिनी, भरण किती घेऊ? फूटभर की दोन?"

दोन कशाला, म्हटलं, रस्ता तर पायरीभरच वर आहे.

"पुढच्या रोडचंही धरून चालाव लागते न," म्हणाला, आणि वर पंख्याकडे बघत दुसरी रेघ मारली.