जपानचा वाटा विसरू नका
तुमच्या लेखात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चिनी शालेय गीतांवरचा पाश्चात्त्य प्रभाव छान मांडलाय, पण जपानला एका वाक्यात उरकलंत आणि या गाण्यांना 'उसनं' म्हटलंत, हे खटकलं. चिनी संगीतशिक्षक ली शूथोंग यांचं १९१५च्या सुमाराचं 'सोंगबिए' हे निरोपगीत घ्या. चाल अमेरिकेच्या जॉन ऑर्डवे यांची, पण ती आली टोकियोमार्गे! १९०७ मध्ये जपानी गीतकार इंदो क्यूकेई यांनी त्या चालीवर जपानी गीत रचलं आणि ली तेव्हा तिथेच शिकत होते. अशा शालेय गीतांचे दुसरे चिनी प्रवर्तक शेन शिनगोंगही जपानलाच जाऊन आलेले. आकड्यांची स्वरलिपीसुद्धा (स्वर १, २, ३ अशा अंकांनी लिहिण्याची पद्धत) याच वाटेने चिनी शाळांत रुळली. आणि 'सोंगबिए'चे शब्द मात्र अस्सल चिनी: जुनी वाट, संध्याकाळचा वारा, विलोची झाडं, विरत जाणारी बासरी. अशा गाण्याला 'उसनं' म्हणणं मला अजिबात पटत नाही.