छुट्टीचा अर्ज

मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झालो, कथा लिहू लागलो, त्या छापूनही आल्या. आता दर रविवारी साताऱ्यात एका वाचनालयाच्या माडीवर कथालेखन शिकवतो. बेळगावला सेंटरमध्ये ‘सावधान’ म्हटलं की शंभर टाचा एकदम वाजायच्या. इथे “दोन पानं लिहून आणा” म्हटलं की उत्तर येतं, “सर, आतून येत नाहीये.”

शिवाय सगळ्यांना माझ्याकडून गोळीबार हवा. मी पलटणीत क्लार्क होतो, हे कळलं की चेहरे पडतात. पण कथा मी शिकलो ती तिथेच, छुट्टीचे अर्ज टाइप करताना. गणपती जवळ आले की कंपनीतल्या समस्त आज्या अंथरूण धरायच्या. साहेब अशा आज्यांना दाद देत नसत. एका जवानाने मात्र लिहिलं, “म्हैस व्यायला झाली आहे. आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. वडिलांना ती जवळ येऊ देत नाही.” साहेबांनी विचारलं, “ती म्हणजे कोण, आई की म्हैस?” आणि सही ठोकली.

अमेरिकेतला कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट हाही फौजीच. १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर जळालं तेव्हा हा युद्धकैदी कत्तलखान्याच्या तळघरात होता, म्हणून वाचला. त्यावरची कादंबरी यायला १९६९ उजाडलं. मधल्या काळात आयोवा विद्यापीठात तो लेखन शिकवत होता. त्याचं म्हणणं, पात्राला काहीतरी हवं असलं पाहिजे, निदान पेलाभर पाणी तरी. आमच्या वर्गातल्या पात्रांना पाणीही नको असतं. ती खिडकीत उभी राहतात आणि बाहेर पाऊस पडतो.

“अगं, याला पाहिजे काय?”

“अस्तित्वाचा अर्थ, सर.”

“एवढ्यावर छुट्टी मंजूर होत नाही.”

शेवटी मी सगळ्यांना अर्जच लिहायला लावले. निवृत्त बँक मॅनेजरांनी ‘वरील विषयास अनुसरून’पासून सुरुवात करून तिथेच विराम घेतला. मागच्या बाकावरच्या पोराने मात्र पुढच्या रविवारची सुट्टी मागितली होती: “चुलतभावाची हळद आहे. डीजेवरून दोन्ही काका एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांना एका पंगतीला बसवायचं काम माझ्याकडे आहे.”

जागेवर मंजूर केला. त्या रविवारी हे महाशय मोती चौकात भेळ खाताना सापडले.

“काय रे, हळद?”

“हळद नाही, सर,” तो पुरी चावत म्हणाला, “पण काकांचं भांडण खरं आहे.”