सासऱ्याची इस्टेट कशी सांभाळावी

अठराव्या शतकातल्या व्हर्जिनियात, म्हणजे अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतीत, बागायतदार म्हणून नाव काढायचं असेल, तर तंबाखूच्या रोपांची काळजी नंतर करा. आधी सासरा नीट पाहून घ्या. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या आणि पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनने पाहिला तसा. जॉन वेल्स हा वकील, जमीनदार, ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांचा वसुली एजंट, आणि गुलामांच्या धंद्यातही हात असलेला गृहस्थ. त्याची विधवा मुलगी मार्था जेफरसनने १ जानेवारी १७७२ ला लग्न करून घरी आणली. सासरेबुवांनी जावयाला फार ताटकळत ठेवलं नाही, पुढच्याच वर्षी गेले. वाट्याला आली सुमारे ११,००० एकर जमीन आणि १३५ माणसं. माणसं म्हणजे पाहुणे नव्हेत, सातबाऱ्यावर चढवायची माणसं. (नातेवाईकही होते त्यांत. त्यांच्याकडे येऊच.)

कायद्याची भीती बाळगू नका. कायदा घरचाच आहे, कारण करणारेही आपल्यासारखेच मळेवाले. मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल, असं व्हर्जिनियाने १६६२ मध्येच ठरवून टाकलं. इंग्लंडात मूल बापाच्या मागे जातं, इथे तेवढ्यापुरती मातृसत्ता. सोय लक्षात घ्या. मालक रात्री गुलामांच्या चाळीकडे का जातो, हा प्रश्न अब्रूचा राहत नाही, उत्पन्नाचा होतो. पुढे १७०५ मध्ये गुलामांना वारसाहक्कासाठी स्थावर मालमत्ता ठरवण्यात आलं. चालतात, बोलतात, संधी मिळाली तर पळूनही जातात, तरी स्थावर. कायदा लिहिणाऱ्यांना विनोदबुद्धी नसते, असं पुन्हा म्हणू नका.

आता नातेवाईक. वेल्सकडे एलिझाबेथ हेमिंग्ज नावाची बाई होती. आई आफ्रिकन, बाप इंग्लिश जहाजाचा कप्तान. तिचा नातू मॅडिसन हेमिंग्ज याने १८७३ मध्ये हकिगत सांगितली ती अशी: कप्तान आपली मुलगी विकत घ्यायला आला, भरपूर पैसे मोजायला तयार होता, पण मालकाने पोर सोडली नाही. काळ्या-गोऱ्यांचं मिश्रण तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं आणि हे पोर मोठेपणी कसं निघतं, हे मालकाला पाहायचं होतं. याला म्हणतात संशोधक वृत्ती. हा प्रयोग वेल्सने स्वतः पुढे नेला. तिसरी बायको वारल्यावर त्याला एलिझाबेथपासून सहा मुलं झाली. धाकटी सॅली, जन्म १७७३. बाप गेला तेच साल.

ही नाती जरा आपल्या घरातल्या शब्दांत म्हणून पाहा. सॅली ही मार्थाची सावत्र बहीण. म्हणजे जेफरसनची मेहुणी. आपल्याकडे मेहुणी मांडवात बूट पळवते आणि जावयाकडून पैसे उकळते. इथे मेहुणीच वाटणीत आली, आई आणि भावंडांसकट. म्हणून एक पथ्य कटाक्षाने पाळा: वाटणीच्या यादीत नाव लिहावं, वय लिहावं, नातं लिहू नये.

पॅरिसला मात्र जपून. बायको १७८२ मध्ये गेली, त्यानंतर जेफरसन अमेरिकेचा राजदूत म्हणून तिथे राहिला. १७८७ मध्ये त्याच्या धाकट्या मुलीची सोबत करत चौदा वर्षांची सॅली पोचली. फ्रान्समध्ये गुलामाने अर्ज केला, तर सुटका मिळू शकत होती. मॅडिसनच्या सांगण्याप्रमाणे ती परतायला राजी नव्हती. होणारी मुलं एकविसाव्या वर्षी मोकळी करीन, असा शब्द मिळाला तेव्हा आली. मुलं कोणाची, हा प्रश्न जेफरसनच्या गोऱ्या नातवंडांनी आणि त्यांच्या पुढच्यांनी कानावर हात ठेवून सोडवला. १९९८ च्या डीएनए तपासणीत सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशात जेफरसन घराण्याचा धागा सापडला आणि कानांवरचे हात थोडे दुखू लागले.

सासऱ्याचं कर्जही वारशातच येतं, हे लोक सांगायला विसरतात. देणी फिटायच्या आतच जेफरसन आणि त्याच्या साडूंनी इस्टेट वाटून घेतली. मग सावकार इस्टेटीऐवजी जावयांच्या दारात उभा राहिला. जेफरसनने जमीन विकून पाहिली. पैसे आले ते अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीतल्या कागदी नोटांत, आणि त्यांची किंमत कापरासारखी उडून गेली. पण खचून जाऊ नका. जमीन एकदाच विकता येते, माणसं मात्र वाढत असतात. १८२० मध्ये जेफरसनने स्वतःच्या जावयालाच लिहून कळवलं की, दर दोन वर्षांनी मूल देणारी बाई मळ्यावरच्या उत्तम पुरुषापेक्षा जास्त फायद्याची. वेल्सच्या नातवंडांचा हिशोब कोणत्या वहीत मांडायचा, हे त्या जावयाला वेगळं सांगावं लागलं नसेल. मळ्याची वही तयारच होती. कोण जन्मलं, कोणाला किती कापड, कोणाला घोंगडी, सगळं सुवाच्य अक्षरात.

तत्त्वज्ञान जरूर करा, त्याने हात मळत नाहीत. १७८९ मध्ये पॅरिसहूनच जेफरसनने जेम्स मॅडिसन या मित्राला (सॅलीच्या मुलाला नाव मिळालं ते याच्यावरून) लिहिलं होतं की, पृथ्वी जिवंत माणसांची आहे, आणि एका पिढीचं कर्ज दुसरीच्या गळ्यात बांधता कामा नये. पत्र अप्रतिम आहे, जमल्यास पाठ करा. स्वतः जेफरसन ४ जुलै १८२६ ला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं होत असताना वारला, तेव्हा मागे एक लाख सात हजार डॉलरचं कर्ज होतं.

त्यामुळे मृत्युपत्र करताना उदार राहा, पण हिशेबाने. आयुष्यभरात ६०० च्या वर माणसं ताब्यात असलेल्या या मालकाने मृत्युपत्रात पाच जणांना सोडलं. पाचही हेमिंग्ज घराण्यातले, त्यांत सॅलीची दोन मुलं, मॅडिसन आणि एस्टन. सॅलीचं नाव नाही. इस्टेटीच्या मोजदादीत तिची किंमत ५० डॉलर लावली गेली, आणि मग जेफरसनच्या मुलीने तिला गाजावाजा न करता शहरात मुलांकडे राहू दिलं. मेहुणीचा मान कसा राखावा, तो असा.

पाचांतला एक म्हणजे जोसेफ ऊर्फ ‘जो’ फॉसेट, एलिझाबेथचा नातू, मळ्यावरचा लोहार. त्याला स्वातंत्र्य मिळायचं होतं मालकाच्या मृत्यूनंतर एक वर्षाने, म्हणजे ४ जुलै १८२७ ला, आणि सोबत त्याच्या कामाची सगळी हत्यारंही. बायकोमुलांचा उल्लेख नव्हता. त्याची बायको एडिथ जेफरसनच्या स्वयंपाकघरातली मुख्य स्वयंपाकीण. फ्रेंच पदार्थ ती राष्ट्राध्यक्षांच्या निवासात शिकून आली होती. मालक गेल्याला सहा महिने झाले आणि जानेवारीत माँटिचेलोवर, म्हणजे जेफरसनच्या मळ्यावर, लिलाव लागला, १३० माणसांचा. एडिथ आणि मुलं त्या यादीत होती, अकरा वर्षांचा पीटरही. जो फॉसेट स्वतः त्या दिवशी कायद्याने अजून गुलामच होता. त्याची तारीख जुलैची होती.