दारात पालिकेचा बँड

गेल्या गुरुवारी सकाळी नगरपालिकेने माझ्या दारापुढे बँड लावला. दोन ढोल, एक ताशा, एक पिपाणी. घरपट्टी थकवणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं, पुढे रक्कम 4,386 रुपये, शास्तीसह. ही घरपट्टी मी दसऱ्याच्या आधीच मोबाइलवरून भरलीय. पावती आहे, पावतीवर पालिकेचं नाव आहे. पैसे माझ्या खात्यातून उतरले, पालिकेच्या खात्यात पोचले, फक्त माझ्या नावावर ‘चढले’ नाहीत. एवढंच प्रकरण. पुढचं सगळं आप्पांचं आणि बँडवाल्याचं.

त्यातून तो पाण्याचा दिवस. आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो, त्यामुळे त्या सकाळी माणसं, हंडे, पिंपं, पाइप सगळं दारात असतं. लग्नाला येत नाही तेवढी माणसं पाण्याला असतात. पालिकेची गाडी कोपऱ्यावर वळली आणि गल्लीला वाटलं, टिल्लू मोटारी पकडायला आले. नळाला थेट मोटार लावायला बंदी आहे, आणि आमच्याकडे मोटार नसलेलं घर दाखवा म्हणाल तर मला विचार करावा लागेल. दोन मिनिटांत सगळ्या टिल्लू गायब. एक धुण्याखाली गेली, एक पिठाच्या डब्यामागे. एका वहिनींनी तर ओली मोटार झोळीत बाळाशेजारी निजवली. त्याबरोबर माझ्या बिनमोटारीच्या नळाला अशी धार लागली की बादली नळाखाली स्थिर राहीना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती धार डोळे भरून बघावी म्हणून मी वाकलो आणि बाहेर ढोल वाजला.

वसुली लिपिक तरुण होता, घामाघूम झाला होता. काखेत प्लॅस्टिकचं फोल्डर, हातात घंटागाडीचा भोंगा. त्याने बटण दाबलं तर आधी ओला कचरा-सुका कचरा लागलं. ते बंद करून त्याने माझं नाव घेतलं. मग मालमत्ता क्रमांक, मग रक्कम. रक्कम दोनदा. मी पावती घेऊन बाहेर धावलो तर तो म्हणाला, “सर, पावती ऑफिसात दाखवा. माझ्याकडे फक्त यादी आहे.”

“अहो, पण मी भरलेत!”

“मी कुठे नाही म्हणतो? यादी म्हणते.”

इथपर्यंत माझा अपमान साधा, सरळ चालला होता. मग समोरच्या ओट्यावरचे आप्पा उठले.

आप्पांची सगळी हयात कापसाच्या जिनिंगमध्ये गेली, त्या आवाजात डावा कान गेला. भोंगा त्यांना ऐकू आला नाही, ढोल आला. त्यांनी टोपी घातली. आप्पा उघड्या डोक्याने भाजी आणतात, दवाखान्यात जातात, पण टोपी घातली की समजायचं, कार्य आहे. काठी टेकत ते थेट ढोलांच्या मधोमध येऊन उभे राहिले.

“कोनं लगीन शे रे भो?”

“लगीन नही आप्पा, वसुली शे,” लिपिक ओरडला.

“कोनी पोर शे ती?”

गल्ली हसली. मीही हसलो असतो, पण थकबाकीदाराने त्या प्रसंगी हसावं की नाही याचा निर्णय होईना. आप्पांनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. ते बँडमास्तरचं निरीक्षण करत होते. मार्चच्या उन्हात त्याने लाल कोट घातला होता, खांद्याला सोनेरी झालर, पायात स्लीपर. ढोलाच्या कातड्यावर कुठल्याशा लग्नातला ‘शुभविवाह’चा कागद अजून अर्धा चिकटलेला होता.

“चांगला वाजाडतस रे भो. कोनता गावना?”

“तापीपल्याडना,” बँडमास्तर खूश होऊन म्हणाला. सकाळपासून त्याला बहुधा पहिल्यांदाच कुणी चांगलं म्हटलं असावं.

“हळदनं वाजाडी दाखाड.”

बँडमास्तरने लिपिकाकडे पाहिलं, लिपिकाने घड्याळाकडे. “वाजव. पाच मिनिटं भरायचीच आहेत, फोटोही काढायचाय.” आणि माझ्या दारात, माझ्या थकबाकीवर, हळदीचं सुरू झालं. पोरं नाचायला लागली. पाणी भरायला आलेल्या बायका हंडे खाली ठेवून उभ्या राहिल्या. लिपिक मोबाइल आडवा धरून म्हणाला, “सर, जरा इकडे. तुम्ही फ्रेममध्ये पाहिजेत. लोकेशनसकट ग्रुपवर टाकावा लागतो.” त्या फोटोत मी पावती वर धरून उभा आहे, पुढे टोपी घातलेले आप्पा आहेत आणि कडेला एक पोरगं फेटा म्हणून टॉवेल बांधून नाचतंय. अनोळखी माणूस म्हणेल, नवरदेवाच्या काकाने आहेराची पावती फाडलेली दिसते.

वाजवणं थांबल्यावर बोलणी सुरू झाली. मला वाटलं माझी. बोलणी आप्पांच्या नातवाच्या, आखाजीनंतरच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या लग्नाची होती.

“आखाजी झाई का लगेच तारीख शे. कितला लेतस?”

“पंधरा हजार.”

“पंधरा? पालिकाकडथून कितला लेतस?”

इथे बँडमास्तरचा चेहरा उतरला. तो आप्पांच्या चांगल्या कानाशी वाकून बोलला, पण बहिऱ्याच्या कानात बोललेली गोष्ट गुप्त राहत नाही. मागच्या मार्चमध्ये तो असाच गावभर वाजवत फिरला होता. त्याचं बिल अजून निघालं नव्हतं.

“मंग पालिकाना दारमा वाजाड ना!” आप्पा म्हणाले.

“तठे बी वाजाडतस ना, भूमिपूजनले. त्यान्हा बी बाकी शे.”

लिपिक फोल्डरात काहीतरी शोधायला लागला. मी त्या क्षणाचा फायदा घेऊन पावती पुन्हा पुढे केली तर आप्पांनी माझा हात बाजूला सारला. “थांब ना जिभाऊ, तुन्हं नंतर देखू.” घासाघीस अकरा हजारांवर आली. जादा दोन ढोल, पिपाणीवाला तोच पाहिजे, वरातीला उशीर झाला तरी कुरकुर नाही. लिपिकही आता मध्यस्थी करत होता. खान्देशात लग्नाच्या बोलणीत तटस्थ राहणं कुणालाच जमत नाही. सुपारी ठरली पाचशे एक. आप्पांनी कोपरीचे दोन्ही खिसे चाचपले आणि माझ्याकडे वळले.

“जिभाऊ, पाचशे एक दे तं. सांजले देसू.”

नाही कसं म्हणणार? मी पाकीट काढलं. त्या पाकिटाबरोबर सगळी गल्ली पुढे सरकली. मागून कुणीतरी, आवाज मी ओळखला पण नाव घेत नाही, मोठ्याने म्हणालं, “शेवटी काढले बाहेर!” लिपिकाने लगबगीने पावतीपुस्तक उघडलं. “सर, निम्मे भरले तरी चालतील.” मी घसा फोडून सांगितलं, “मी पैसा भरेल शेतस! हाई बँडनी सुपारी शे!” थकबाकीदाराने दारात आलेल्या बँडला स्वतःच सुपारी दिल्याचं गल्लीने शांतपणे ऐकून घेतलं आणि बायका पुन्हा हंड्यांकडे वळल्या. नळ तेवढ्यात गेला होता. माझी बादली पाऊण.

संध्याकाळी मी माझ्या वकील साडूंना फोन केला. दावा ठोकायचा होता. त्यांनी सांत्वन केलं नाही, कायदा सांगितला. नगरपरिषदांचा 1965 चा अधिनियम म्हणतो, आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्तीचं अधिपत्र. उशिराला महिना दोन टक्के शास्ती. “बघा, आहे का त्यात बँड?” मी म्हणालो. साडू म्हणाले, ढोल कायद्याला परका नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश 21, नियम 54 मध्ये, स्थावर मालमत्तेची जप्ती जागेवर ढोल वाजवून जाहीर करायची तरतूद आहे. मी विचारलं, हळदीचं? ते म्हणाले, चालीबद्दल संहिता काही बोलत नाही.

साडूंना विनोद सुचतो कारण बँड त्यांच्या दारात आला नव्हता.

मला आता हसू येत नाही ते यादीमुळे. त्या यादीत आमच्या गल्लीतली सगळी नावं चार-पाच हजारांची होती. बाजारपेठेतलं मंगल कार्यालय, त्याच्या मागची गोदामं, स्टँडजवळचं तीन मजली कॉम्प्लेक्स, यांच्या थकबाकीच्या गोष्टी गावात पोरंसोरं सांगतात. तिकडे बँड गेल्याचं मी ऐकलं नाही. मंगल कार्यालयात जातो, पण वेगळ्या कामाने. शिवाय 2025 साली सरकारने नगरपरिषदांच्या थकीत घरपट्टीवरची शास्ती माफ करता यावी म्हणून अभय योजना आणली. ज्यांनी वर्षानुवर्षं भरलं नाही त्यांना अभय. ज्याने दसऱ्याआधी भरलं त्याला ढोल.

बिल तरी काय असतं बघा. मालमत्ता कर, शिक्षण कर, दिवाबत्ती, अग्निशमन, घनकचरा, वृक्षकर. आमच्या गल्लीत एक कडुनिंब होता, तो पालिकेनेच काँक्रीटच्या रस्त्यासाठी पाडला. वृक्षकर उभा आहे. पाणीपट्टी पूर्ण वर्षाची, पाणी आठव्या दिवशी. विश्वेश्वरय्या 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, तेव्हा सुरुवातीलाच त्यांना खान्देशात पांझरेच्या एका नाल्यावर पाइपाचा सायफन बांधायचं काम मिळालं. पोरगेलं वय, हाताशी आजची साधनं नाहीत, तरी पाणी नाल्यापलीकडे गेलं. आमचं पाणी टाकीपासून गल्लीपर्यंत यायला आठवडा घेतं, आणि टाकी आमच्या गच्चीवरून दिसते.

शुक्रवारी पालिकेत गेलो. जळगावला पालिकेची सतरा मजली इमारत आहे, तिथे निदान माणूस हरवला तर कारण समजतं. आमची दीड मजल्याची, तरी मला तीन टेबलं फिरवलं. शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी पावती उलटसुलट पाहिली, उजेडात धरून पाहिली. “पोस्टिंग राहिलंय तुमचं. अर्ज करा. सोबत पावतीची झेरॉक्स, बँकेचं स्टेटमेंट आणि थकबाकी नसल्याचा दाखला.”

“तो कुठे मिळतो?”

“इथेच. मीच देते.”

“मग द्या.”

“तुमच्यावर थकबाकी दिसतेय ना. कसा देऊ?”

त्यांच्या डोक्यामागे 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याचा फलक होता, कोणती सेवा किती दिवसांत द्यायची त्याचा. खालचा अर्धा फलक कूलरने झाकला होता. माझा दाखला बहुधा त्या खालच्या अर्ध्यात. मी कूलर सरकवू लागलो तर बाई म्हणाल्या, “राहू द्या, मार्चएंड झाला की बघू.” नव्या नगरसेवकांनाही भेटलो. कितीतरी वर्षं निवडणूकच नव्हती, प्रशासक होते, तेव्हा तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्न होता. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या आणि तो प्रश्न सुटला. आता नगरसेवक मन लावून ऐकून घेतात आणि सांगतात, ही मोहीम प्रशासकाच्या काळात ठरलेली आहे. निघताना म्हणाले, “पण फोटो मस्त आला तुमचा.” म्हणजे ग्रुपवर तेही आहेत.

काल बँडमास्तरचा फोन आला. त्याने सुपारीच्या वेळी डायरीत नाव-पत्ता लिपिकाच्या यादीवरून उतरवून घेतला होता आणि पैसे माझ्या हातून घेतले होते. तारीख माझ्या नावावर लागलीय. “भाऊ, बाकीचे 10,499 कधी देता? निम्मे तरी आखाजीच्या आत पाहिजेत. नाहीतर घरी येऊन जातो.”

घरी येऊ नको, एवढं मी फार तळमळून सांगितलं आणि तडक समोरच्या ओट्यावर गेलो. आप्पांची टोपी खुंटीला होती. माझे पाचशे एक निघालेच नाहीत. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “नातू डीजे म्हनस, जिभाऊ. आते तारीख लागेलच शे, तं तू एखादा सत्यनारायण करी ले ना.”