विजयदुर्ग आणि हेलियम: फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

‘१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला’ असा मेसेज दरवर्षी ऑगस्टमध्ये फिरतो. त्यात दोन ग्रहणांची सरमिसळ झाली आहे.

त्या दिवशी लॉकियर हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये होते. भारतात गुंटूरहून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या तेजस्वी वर्णरेषा (प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या रेषा) पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी ग्रहणाशिवायही पाहून दाखवल्या. लॉकियर यांना नवा वर्णपटदर्शक (प्रकाश रंगांत फोडून दाखवणारं उपकरण) मिळाला तोच ऑक्टोबरमध्ये. २० ऑक्टोबरला त्यांनी त्याची फट सूर्याच्या कडेवर धरली. वर्णपट पुरेसा फाकवला की आकाशाचा उजेड पसरून फिका पडतो, ज्वालेची रेषा मात्र ठळक राहते. म्हणून ग्रहणाची गरजच उरत नाही. त्यांना दिसलेली पिवळी रेषा, जी पुढे हेलियमची ठरली, ५८७.६ नॅनोमीटर तरंगलांबीची. सोडियमची जोडी ५८९.० आणि ५८९.६ वर, म्हणजे अगदी शेजारी. ती सोडियमचीच समजण्याचा घोटाळा व्हायला एवढं पुरे. पृथ्वीवर हेलियम सापडला तो रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना, १८९५ मध्ये.

लॉकियर विजयदुर्गला खरंच आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या कट्ट्यां’चा (या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ओट्यांचा) संबंध जोडायचाच तर या मोहिमेशी जोडावा. तीही काही लहान गोष्ट नाही.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर आला तर खाली १८९८ हे साल लिहा.