तोंड उघडा, नियम बदलायचाय

टोरांटोत हिवाळ्याचा त्रास म्हणजे थंडी, असं भारतातल्या नातेवाइकांना वाटतं. थंडीवर जाकीट मिळतं. आइस हॉकीचा अमुक नियम बदललाच पाहिजे, असं सांगत सुटलेल्या माणसांवर काहीही मिळत नाही. ऑक्टोबरात एनएचएल या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा हंगाम सुरू झाला की प्लंबर, शेजारी, मुलाच्या मित्राचे वडील, जो भेटेल त्याच्या खिशात एक सुधारणा विधेयक असतंच.

यांत सगळ्यात घातक माझा डेंटिस्ट. रूट कॅनल चालू असताना त्यानं गुणांचा विषय काढला. जिंकणाऱ्याला दोन गुण, पण जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये (तरीही बरोबरी राहिली तर एकेकानं गोलकीपरसमोर जाऊन गोल मारायचा) हरणाऱ्यालाही एक. म्हणजे साठ मिनिटांत निकाल लागला तर दोन गुण वाटायचे आणि पुढे लांबला तर तीन! "हा तिसरा गुण येतो कुठून?" त्यानं मशीन थांबवून मलाच विचारलं. मी "आँ" म्हणालो. त्याला ते पटलं. साठ मिनिटांत जिंकणाऱ्याला सरळ तीन द्या, नंतर जिंकणाऱ्याला दोन, नंतर हरणाऱ्याला एक. बायकांच्या लीगमध्ये, पीडब्ल्यूएचएलमध्ये, तसंच आहे, म्हणाला. मुद्दा बिनतोड होता. फक्त तो मांडताना हात तावातावानं हलत होता आणि त्या हातात सुई होती.

पुढच्या खेपेला मी होऊन तिसऱ्या गुणाची चौकशी केली. आदल्याच रात्री त्याचे मेपल लीफ्स, म्हणजे आमच्या टोरांटोचा संघ, शूटआउटमध्ये हरून एक गुण घेऊन आले होते. "सध्या आहे ते बरं आहे," म्हणाला.

काल आपण कशामुळे हरलो, त्यावर आजचा प्रस्ताव ठरतो. लीफ्सनी एनएचएलचा करंडक, स्टॅनले कप, शेवटचा जिंकला 1967 मध्ये. तेव्हापासून गावात किती प्रस्ताव साचले असतील, याचा हिशोब तुम्हीच करा.

बरं, लीगही ऐकते, हे आणखी वाईट. न्यू जर्सीचा गोलकीपर मार्टिन ब्रोडूर जाळ्यामागे जाऊन पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, फार सफाईनं खेळवायचा. 2005 मध्ये तिथं बर्फावर एक समलंब चौकोन आखला गेला: गोलरेषेच्या मागे पक खेळायचा तर गोलकीपरनं या चौकोनातच. दहावीच्या भूमितीनंतर समलंब चौकोनाशी संबंध संपला, अशी माझी समजूत होती. पुढे 2008 च्या प्लेऑफमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सचा शॉन एव्हरी खेळाकडे पाठ करून ह्याच ब्रोडूरच्या तोंडासमोर काठी नाचवत उभा राहिला. नियमात तसं करू नये असं कुठं लिहिलं नव्हतं. लीगनं दुसऱ्याच दिवशी त्याचा बंदोबस्त केला. आमच्या पुण्याच्या सोसायटीत पार्किंगच्या पट्ट्यांचा ठराव अजून पुढच्या सभेवर आहे.

या सगळ्यात सांगलीहून सासूबाई आल्या. संध्याकाळी टीव्हीसमोर बसल्या आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "काय हो, दोघं मारामारी करून पाच-पाच मिनिटं बाहेर बसले, तरी दोन्ही संघ पुरे. आणि त्या गरीब पोराचा पक बचाव करताना चुकून कडेच्या काचेवरून बाहेर गेला, तर दोन मिनिटं संघ एका माणसानं कमी? मग मारामारीच परवडली की!"

काचेवरच्या पकचा हा नियमही 2005 चाच. इथली जाणती माणसं तेव्हापासून हेच म्हणतायत, पण इतक्या कमी शब्दांत कुणी म्हटलं नव्हतं.

हे मी बर्फ उपसताना शेजाऱ्याला सांगितलं. त्याचा स्वतःचा प्रस्ताव असा, की गोल फार कमी होतात, तेव्हा सहा बाय चार फुटांचं जाळं मोठं करा. सासूबाई ओसरीत उभ्या होत्या. मी भाषांतर केलं. त्या म्हणाल्या, "जाळं कशाला मोठं करायचं? त्या गोलकीपरच्या अंगावरच्या गाद्या कमी करा." लीगनं गोलकीपरच्या पायांवरच्या पॅडची रुंदी 12 इंचांवरून 11 वर आणली होती, तीही 2005 मध्येच. शेजाऱ्यानं फावडं खाली ठेवलं.

आता तो बेल वाजवतो, मी दार उघडलं की माझ्या खांद्यावरून आत डोकावतो आणि विचारतो, "सासूबाई मोकळ्या आहेत का? शूटआउटबद्दल जरा बोलायचं होतं."