पुन्हा त्याच भोकात जाडा स्क्रू?

बोटीतला पाय अडकवायचा पट्टा उपटून आला आणि माझी सोळा वर्षांची भाची उताणी तलावात पडली. लाइफ जॅकेट होतं, म्हणून निभावलं. चार दिवस झाले, माझं डोकं अजून ठिकाणावर येत नाहीये.

नागपुरात नेव्हल एनसीसी केलेल्यांना एंटरप्राइज माहीत असेल. दोघांची, सव्वातेरा फुटी, शिडाची बोट. वाऱ्याने कलली की त्या पट्ट्यात पाय अडकवून अख्खं अंग बाहेर झोकायचं असतं. अख्ख्या माणसाचा भार त्या एका पट्ट्यावर. आणि तो पट्टा कशावर धरलेला होता? दोन स्क्रूंवर!

फेब्रुवारीत बोट दुरुस्तीला दिली तेव्हाच तो पट्टा धरणारी पट्टी हलत होती. मी स्वतः उभं राहून सांगितलं, खालून प्लेट द्या, आरपार नट-बोल्ट टाका. उत्तर काय? "काही नाही होत दादा, चालून जाते." पैसे मात्र पूर्ण मोजून घेतले.

काल उघडून पाहिलं. सैल झालेल्या भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबलेल्या, त्यात आधीपेक्षा जाडा स्क्रू पिळलेला, वरून भसाभसा सिलिकॉन. काड्या! पडद्याचा रॉड लावत होतात का रे? फायबरचा थर तिथे जेमतेम तीन-चार मिलिमीटर, त्यात स्क्रूचे दोन-तीन आटे बसतात. खरी पकड आतल्या प्लायची, आणि तो प्लाय चहाच्या चोथ्यासारखा माझ्या हातात आला. भोकातून पाणी झिरपत होतं, ह्यांनी वरून तोंड बंद करून ते आतच कोंडलं. सिलिकॉन लागलेल्या जागेवर नवीन रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, धरत नाही, ते खरवडता खरवडता माझी बोटं सोलून निघाली.

काम अवघड असतं तर समजून घेतलं असतं. कुजलेलं सगळं काढायचं, पूर्ण सुकू द्यायचं. भोक मोठं करून त्यात घट्ट कालवलेलं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणारं रेझिन, भरायचं, ते कडक झालं की मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं, म्हणजे लाकडाला पुन्हा पाणी लागत नाही. भोकाची वरची कड जराशी तिरकी कापली की सीलंट तिथे रिंगेसारखं बसतं. खालून रुंद प्लेट. झालं! सुकायला लागेल तो वेळ सोडला तर दोन दिवसांचं काम.

आता ते मी करतोय, मे महिन्यात, पहाटे पाचला उठून. कारण दहानंतर नागपूरच्या उन्हात इपॉक्सी मगमध्येच तापून दगड होतं. बोल्टसाठी इतवारीत गेलो, तर एकाने स्टेनलेस म्हणून जे हातात दिलं त्याला खिशातलं चुंबक खाडकन चिकटलं. मुलामा दिलेलं साधं लोखंड! विचारलं तर तिथेही तेच, चालून जाते.

नाही चालत! पोरगी पाण्यात पडली माझी!

आज सकाळी संशय आला म्हणून त्या दुरुस्तीवाल्याने बसवलेला एकूण एक स्क्रू काढला. चौदा होते. त्यातले नऊ नुसत्या बोटांनी फिरवून निघाले.